अस्वलरावांचं नाव घेते

"नाव म्हंजी भुईमुगाच्या शेंगा न्हाईत पोरी, येताजाता तोंडात टाकायला. आदी मानूस डोळ्यांम्होरं आण. त्यो दिसला, की मग यमक जुळव. आन् दिसलाच न्हाई, तर गप बस. पर खोटं नाव घिऊ नगंस."

मनुबाईची आत्या बनुबाई हे बोलली त्याला इतकी वर्षं लोटली होती, की ते अंगण, ती हळदीची परात, आत्याच्या दातांवरची मिश्रीची काळी रेघ, सगळं पुसट होऊन गेलं होतं. आवाज तेवढा राहिला होता. जातं थांबल्यावरही त्याची घरघर थोडा वेळ कानात राहते, तसा.

माण मुलखात, दहिवडीकडं, बनुबाईच्या उखाण्यांना मोठा मान होता. तिकडं पाऊस पडत नाही म्हणून माणसं यमकं पिकवतात, असं इकडचे ऊसवाले हसून म्हणत. मनू लग्न होऊन कडेगावात आली, ती दोन लुगडी आणि आत्याच्या उखाण्यांचं गाठोडं घेऊन. लुगडी विरली, गाठोडं मात्र वाढत गेलं. नवी नवरी उंबऱ्यावर अडली, की सासवा आधी मनुबाईला हाक मारत. नवऱ्याचं नाव बाईनं असंतसं घ्यायचं नाही. घ्यायचं तर दोन ओळींच्या यमकात, तान्ह्या लेकराला दुपट्यात गुंडाळून उन्हात न्यावं तसं. ते दुपटं शिवून द्यायचं काम मनुबाईचं. गावातल्या निम्म्या नवऱ्यांची नावं तिनं अशी यमकात बसवून दिली होती. त्यातले किती नवरे त्या यमकाच्या लायकीचे निघाले, हे कुणी विचारू नये.

आणि आता तीच मनुबाई स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेईना झाली होती.

सयाजी लढाईवर आफ्रिकेकडं गेला तेव्हा राही पोटात होती. लढाई संपून तो परत आला, तेव्हा राही दारात उभी राहून "तुमी कोन?" असं विचारण्याइतकी मोठी झाली होती. सर्व्हिस मोटारीतून तो उतरला. अंगावर खाकी, हातात लोखंडी ट्रंक, कानापर्यंत मफलर. सारं गाव उतरून घ्यायला आलं होतं, कारण त्या दिवशी गावाला दुसरं काही काम नव्हतं. पोलीस पाटील नानासोंनी गळ्यात हार घातला आणि सगळ्यांदेखत विचारलं, की आफ्रिकेत सिंह असतात म्हणे. सयाजी म्हणाला, "असत्यात म्हनं."

एवढंच. पण अर्धं वाक्य ऐकून निकाल द्यायची नानासोंना जुनी सवय. दिवे लागायच्या आत गावात ठरलं, की सयाजीनं सिंह पाहिला. पुढच्या बाजारापर्यंत त्यानं तो मारला. शिमगा येईतो सिंहाच्या जोडीला एक वाघही पडला होता. आफ्रिकेत वाघ नसतो हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. आणि असतं, तरी आयता मिळालेला एवढा चांगला वाघ गावानं सोडला असता असं नाही.

यातलं सयाजीनं स्वतः फारसं काही केलं नाही. त्यानं फक्त 'न्हाई' म्हटलं नाही. पण न म्हटलेल्या 'न्हाई'वर रोज चहा मिळायला लागला, चावडीच्या कट्ट्यावर मधली जागा मिळायला लागली, तशी त्याला गोडी लागली. मग तो डरकाळी फोडून दाखवू लागला. डरकाळी चांगली होती. कोंडाळ्याबाहेरची कुत्री उठून जात, आणि कोंडाळ्यातली माणसं बसून राहत.

घरात मात्र तो काहीच सांगत नसे. कसं होतं तिकडं, असं मनुबाईनं विचारलं, की "लांब हुतं" म्हणून भाकरी मोडायला लागे. झालं सांगून.

मनुबाई ज्याची वाट पाहत होती तो सयाजी वेगळा होता. तो बाजारात गाय विकायला नेई आणि गिऱ्हाईक दिसलं, की आधी सांगे, "लाथ मारती बरं का." आणि गाय परत घेऊन येई. सासू डोक्याला हात लावी. मनू मात्र गाईला चारा टाकता टाकता पदरात तोंड खुपसून हसे. खोटं बोलता न येणारा नवरा ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण तिची ती होती. आणि आता हा परत आलेला गडी चावडीवर बसून आयाळ हलवत होता.

परत आल्यावर पहिल्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांनी तिला घेरलं. एवढा शिकारी नवरा सुखरूप परत आलेला, आता उखाणा असा पाहिजे की पाटलाच्या आढ्याला जाऊन लागला पाहिजे. मनुबाईनं घसा धरलाय म्हणून सांगितलं. नागपंचमीला तिची दाढ दुखत होती. पुढं तिच्या दुखण्यांना सणावारांचा नेम लागला, तेव्हा शेजारच्या तानुबाईनं आडावर गाठून सरळच विचारलं, की भांडान हाय का काय.

"भांडान न्हाई," मनुबाई म्हणाली. "नाव घ्यायला मानूस घरात असावा लागतो."

"मग घरात भाकरी कोन खातंय?"

"त्यो शिकारी खातोय. मी ज्याच्यासंगं लगीन लावलं, त्यो अजून मोटारीतनं उतारला न्हाई."

तानुबाईनं हे बोलणं कुणालाही सांगितलं नाही. म्हणजे आडावर त्या दिवशी आलेल्या बायांना सांगितलं, तेवढंच.

एक गोष्ट मात्र मनुबाईच्या मनात कुसळासारखी रुतून बसली होती. ती एकदा पाणी घेऊन येत असताना ज्योतिबा कुंभाराच्या परड्यामागं सयाजी तिला दिसला. कुंभाराचं गाढव धरून तो उभा होता. त्यानं गाढवाचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला होता, आणि खुरात अडकलेला खडा काडीनं असा जपून काढत होता, की आईनं लेकराच्या डोळ्यातलं कुसळही इतकं जपून काढू नये. काढताना तो गाढवाशी काहीतरी बोलत होता. आवाज खालचा होता, शब्द कळत नव्हते. पण तो आवाज चावडीवरचा नव्हता. तो मनुबाईच्या ओळखीचा होता.

तिची चाहूल लागली, तसा सयाजी ताठ झाला. गाढवाचा पाय सोडून म्हणाला, "सिंव्हाचा पंजा बी थोडाफार असाच असतुया."

मनुबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा गाढवाकडं. गाढवालाही ते पटलेलं दिसलं नाही.

त्या सुमाराला सांगलीहून लालासाहेब आले.

लालासाहेबांचा सांगलीच्या पेठेत छापखाना होता. लग्नपत्रिका, भिंतीवरची दिनदर्शिका आणि सगेसोयऱ्यांची निधनवार्ता, एवढ्या साहित्यसेवेवर त्यांचं नाव झालं होतं. लढाईत एक सर्कस मोडली. माणसांनाच धान्य मोजून मिळायला लागल्यावर सिंहाला मटण कोण देणार? सिंह गेले, तंबू गेला, मालक कुठंतरी गेला. त्यांच्या जाहिरातींचे ठसे तेवढे लालासाहेबांच्या छापखान्यात पडून राहिले. मोठे, सुबक, लाकडावर जस्त ठोकलेले ठसे. एके दिवशी लालासाहेबांची नात त्यातल्या हत्तीशी खेळत बसली, आणि लालासाहेबांना वाङ्मय सुचलं. अगदी लहान मुलांसाठी, नुकत्या बोलायला लागलेल्यांसाठी, रानातल्या जनावरांचं चित्रांचं पुस्तक काढायचं. पानावर एक चित्र, चित्राखाली एक यमक. चित्रं तर तयारच होती.

आता ती चित्रं सर्कशीची होती, ही गोष्ट खरी. वाघ स्टुलावर बसला होता. हत्तीच्या सोंडेत छत्री होती. सिंह जळत्या कड्यातून उडी घेत होता, आणि अस्वल सायकलवर होतं. पाणघोडा नुसताच आ वासून उभा होता, पण बारकाईनं पाहिलं तर त्याच्या तोंडापुढं एका विलायती माणसाचा हात आणि त्या हातात पाव होता. लालासाहेबांना यात काही अडचण दिसली नाही. जनावर जंगली असलं म्हणजे झालं. ते बसतंय कशावर हा तपशील. अडचण एवढीच, की यमक करणारा असा पाहिजे, ज्यानं ही जनावरं रानात प्रत्यक्ष पाहिली आहेत. म्हणजे मुखपृष्ठावर तसं छापता येतं.

नानासोंनी त्यांना सयाजीच्या दारात आणून सोडलं.

सयाजीनं आधी नको म्हटलं. मग लालासाहेबांनी त्याला सयाजीराव म्हटलं. परत आल्यापासून त्याला तसं कुणी म्हटलं नव्हतं; बायकोनं यमकात म्हटलं असतं, तर तिचा घसा धरलेला. चित्रांचे नमुने ठेवून लालासाहेब मोटारीत बसले, आणि सयाजी ओसरीवर वाघासमोर बसून राहिला. पेन्सिल फौजेतली होती, कागद सांगलीचा होता, आणि यमक कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनुबाई शेंगा फोडत बसली होती. तो येऊन शेजारी टेकला. चित्रं पसरली. राही त्यांच्यावर पालथी पडली.

"आबा, वाघ ष्टुलावर का बसलाय?"

"दमला आसंल."

"तुमी बघितला तवा बी बसलावता?"

सयाजीला खोकला आला. खोकला संपल्यावर त्यानं बायकोला सांगितलं, की लालासाहेबांना दोन-दोन ओळींची यमकं पाहिजेत, आपल्याला ते जमत नाही, तिला जमतं. तेव्हा तेवढं करावं.

मनुबाईनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग चित्रांकडं पाहिलं. वाघ तिच्याकडं बघत होता, मोठा आज्ञाधारक दिसत होता. तिच्या मनात काहीतरी चमकून गेलं, आणि ती वर न बघता म्हणाली, लिवा.

"करवंदीच्या जाळीत पिवळं ऊन सांडलं,
वाघरावांचं नाव घेते, बसायला स्टूल मांडलं."

सयाजीनं लिहिलं. लिहिताना त्याचे ओठ हलत होते. मग हत्ती आला.

"सुपाएवढे कान, पायाखाली रान,
हत्तीरावांचं नाव घेते, छत्रीचा ठेवा मान."

मग अस्वल.

"मधाच्या पोळ्याला माशांचा पहारा,
अस्वलरावांचं नाव घेते, सायकल तेवढी आवरा."

इथं सयाजीची पेन्सिल थांबली. त्याच्या ध्यानात आलं होतं. परत आल्यापासून ज्या बाईच्या तोंडून आपलं नाव निघालं नाही, ती शेंगा फोडता फोडता रानातल्या एकेका गड्याचं नाव घेत चालली होती, आणि नवरा ती यमकं पुसटशीसुद्धा चूक न करता उतरवून घेत होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती सुपाकडं बघत होती. आता हा काहीतरी बोलेल, रागावेल, 'हे काय चालवलंस' म्हणेल, म्हणजे मग आपणही बोलू, असं तिला वाटत होतं. तो म्हणाला, "म्होरं?"

मग तिनंही माघार घेतली नाही. सिंहराव झाले. पाणघोडेरावही झाले:

"तोंड न्हवं ते, वाड्याचं दार,
पाणघोडेरावांचं नाव घेते, जेवतात फार."

राही हसून हसून शेंगांच्या टरफलांत लोळली. घरात हसणारी तीच एकटी.

लालासाहेबांना यमकं पसंत पडली. छापखान्यातला जुळारी ज्ञानू खिळे जुळवताना एकटाच गालात हसत होता, पण त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायची त्याची पद्धत नव्हती. लालासाहेबांना विशेष आवडलं ते 'राव'. प्राणिमात्रांविषयी आदर, मुलांना वडिलकीचं वळण, असं बरंच काही त्यांना त्यात दिसलं. 'नाव घेते' मात्र दिसलं नाही. ते जन्मभर लग्नपत्रिका छापत आलेले, लग्नं त्यांनी बारकाईनं कधी पाहिलीच नव्हती. दिवाळीला पुस्तक निघालं. नाव 'रानची मंडळी'. खाली ओळ: 'ज्यांनी ही श्वापदे रानात प्रत्यक्ष पाहिली, त्या सयाजीरावांच्या लेखणीतून.' लेखणी ज्यांची होती त्यांचं नाव नव्हतं. त्या वेळी त्या परसात शेण थापत होत्या.

पुस्तक लेकरांना आवडलं. लेकरांना फसवणं सोपं नसतं. त्यांना यमक लागतं, आणि यमक खणखणीत होतं. जी पोरं अजून भाकरीला 'पापी' म्हणत होती, तीही 'छतलीचा थेवा मान' म्हणत अंगणभर फिरू लागली. कडेगावच्या सगळ्या लहान पोरांची खात्री झाली, की रानात अस्वलं सायकलनं हिंडतात. एकाला तर सागरेश्वराच्या डोंगराकडं न्यायला निघाले, तेव्हा त्यानं आधी घंटा ऐकू येते का ते बघायला सांगितलं.

मग एके दिवशी पाटलाच्या सोप्यात पाव्हणे बसले असताना नानासोंची नात, जेमतेम तीन वर्षांची, मधोमध येऊन उभी राहिली. पदर नव्हता म्हणून तिनं झग्याचा घेर डोक्यावर घेतला, मान खाली घातली, लाजली, आणि अस्वलाचं नाव घेतलं.

पाव्हणे हसले. नानासोंच्या आई हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, पोरीच्या जातीनं पहिलं नाव घेतलं ते अस्वलाचं. आता पुढं हिच्या नशिबाला केसाळ नवरा आला, तर सांगलीचे लालासाहेब येणार आहेत का निस्तरायला? शोध घेता घेता कळलं, की गल्लीतल्या कुठल्याही घरात हीच तऱ्हा आहे. तानुबाईच्या धाकटीनं सिंहाचं घेतलं होतं. एकीनं एका दमात वाघ आणि पाणघोडा दोघांचं घेतलं. तिच्या आईनं तिला धपाटा घातला तो दुसऱ्या नावाबद्दल. चार म्हाताऱ्या बसल्या आणि यावर विचार झाला. पुस्तकं चुलीत घालायचं ठरलं. पण पोरांनी असा गिल्ला केला, की पुस्तकं राहिली आणि म्हाताऱ्या उठल्या.

पण बायांची तोंडं थोडीच राहतात? यमकं कुणाची, हे कडेगावातल्या बाईला सांगावं लागत नव्हतं. आडावर, नदीवर, खुरप्यावर एकच बोलणं. मनूनं रानातल्या साऱ्यांची नावं घेतली, घरातल्याचं तेवढं ऱ्हायलं. अस्वलाला राव म्हटलं, आणि फौजेतनं आलेल्या गड्याला मात्र दाढदुखी.

हे फिरत फिरत चावडीवर पोचलं. सयाजीनं डरकाळी फोडली, की आता कोणीतरी हळूच म्हणे, "आवाज झकास हाय गड्या, पर वैनी नाव घेत्यात का?" मग चहा यायचा, पण तो गार झालेला असायचा. हळूहळू त्यानं चावडी सोडली. घरात बसायला लागला. घरातही बोलेना. मनुबाईला वाटलं होतं, टोचलं की हा बोलेल. टोचलं होतं चांगलंच, आणि तो आणखी मुका झाला होता. आपण यमकं करायला नको होती, असं तिला एकदा वाटलं. मग कुंभाराच्या परड्यामागून गाढवाशी चाललेली ती खालच्या आवाजातली कुजबुज पुन्हा कानावर आली, आणि तिचा जीव नव्यानं जळला. गाढवाला सांगण्यासारखं काहीतरी या माणसाजवळ होतं. तिला सांगण्यासारखं नव्हतं.

वर्ष फिरून पुन्हा संक्रांत आली. नानासोंच्या धाकट्या नातवाचं बोरन्हाण होतं. गावातली झाडून सारी लहान पोरं बोलावली होती, आणि पोरांच्या मागं त्यांच्या आया. लेकराला काळं झबलं, हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे, आणि पोरांनी ते लुटायचे. लालासाहेबांना हे कळलं, आणि आपले वाचक एका जागी जमणार म्हणून ते सांगलीहून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन हजर झाले. बोरन्हाणाला पुरुषांचं काय काम, असं नानासोंच्या आईंनी विचारून पाहिलं. लालासाहेब म्हणाले, हे वाङ्मयाचं काम आहे. त्यावर ती माउली बोरांची परात उचलून आत गेली.

बोरं लुटून झाल्यावर लालासाहेबांनी पोरांना सोप्यात ओळीनं बसवलं. बाया माजघराच्या दारात उभ्या राहिल्या. मग सयाजीला आणलं. खाकी घालायला लावली होती. ती आता पोटावर बसत नव्हती. लालासाहेबांनी इकडंतिकडं बघितलं, पाटलाच्या सोप्यातलं एक स्टूल ओढलं, आणि त्याला त्यावर बसवलं.

मनुबाई दाराच्या कडेला होती. तिनं पाहिलं. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर समोर कुठंच नाही. हे चित्र तिनं पाहिलेलं होतं. त्याखालचं यमकही तिचंच होतं. पहिल्यांदाच तिला त्या वाघाची दया आली.

लालासाहेबांनी मुलांना सांगितलं, की या काकांनी सिंह पाहिला आहे, आता ते सिंहासारखं ओरडून दाखवतील. सयाजी ओरडला. पुढच्या ओळीतल्या दोन पोरांनी भोकाड पसरलं. तेवढ्यात बोरन्हाणाच्या उत्सवमूर्तीनं झबलं ओलं केलं. लालासाहेब म्हणाले, वा.

राही मात्र उठून उभी राहिली. तोंडात बोर होतं, ते तिनं गालात सारलं.

"आबा, तुमी खरा सिंव्ह बघितला, का ह्योच, कड्यातला?"

सोप्यात हसू पिकलं. लालासाहेबही हसले; बाळ, असं म्हणाले. सयाजी हसला नाही. त्यानं लेकीकडं पाहिलं. ती रडत नव्हती, हसत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. साऱ्या गावात आजवर ज्याला सिंहाचं खरंखोटं जाणून घ्यायचं होतं, असं ते एकच माणूस निघालं, आणि त्याच्या गालात बोर होतं.

"न्हाई," सयाजी म्हणाला.

"काय न्हाई?"

"सिंव्ह न्हाई बघितला. वाघ बी न्हाई."

लालासाहेबांनी मुखपृष्ठ छातीशी उलटं धरलं.

"मग काय बघितलंसा?"

सयाजी स्टुलावरून उतरला आणि पोरांच्यात खाली बसला. "खेचर," तो म्हणाला. "मी खेचरांच्या कंपनीत हुतो. आदी मिसर देस, मग इटलीतलं डोंगर. खेचराच्या पाठीवर पानी बांदायचं, वर न्यायचं. येताना जखमी मानसं बांदून आणायची." मग तो म्हणाला, "तोफंचं गोळं पडाय लागलं, की मी लय भ्यायचो. माजं खेचर भ्यायचं न्हाई. त्याच्या मानंला धरून चालायचो."

एवढं तो गावात आल्यापासून एका वेळी बोलला नव्हता. लहान पोरांना मात्र यात तोफ, इटली, काहीच महत्त्वाचं वाटलं नाही. त्यांना जनावर मिळालं होतं, आणि जनावर मिळालं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

"त्याचं नाव काय हुतं?" राहीनं विचारलं.

सयाजी खाली बघायला लागला. जमिनीवर पडलेला एक चुरमुरा त्यानं उचलला, पुन्हा ठेवला.

"सांगा की आबा. नाव काय?"

त्यानं मान वर केली. माजघराच्या दाराकडं पाहिलं आणि म्हणाला,

"मनू."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि दारातल्या बाया अशा हसल्या, की आतला रॉकेलचा डबा वाजल्यासारखं झालं. तानुबाईला आधारासाठी चौकट धरावी लागली. बायकोचं नाव खेचराला दिलेलं भरल्या सोप्यात ऐकून कुठल्या बाईला आनंद होईल? मनुबाईलाही झाला नाही. तिला राग आला, चांगला सणसणीत. घरी गेल्यावर काय काय बोलायचं आणि ते किती वर्षं पुरवायचं, याचा हिशेब तिनं उभ्या उभ्या मांडला.

पण सयाजी थांबला नव्हता. तो राहीलाच सांगत होता, त्याच खालच्या आवाजात, कुंभाराच्या परड्यामागच्या. "घरचं मानूस लय लांब हुतं. आपल्यात पुरुषानं तरी बायकूचं नाव चारचौघांत कुटं घ्यायचं आसतं? मग खेचराला ठिवलं. म्हंजी रोज हाक माराय मिळायची. मने, चल. मने, दगूड हाय, जपून. मने, आता आलंच."

बाया हसायच्या थांबल्या.

"कुटं हाय ते आता?"

"तितंच ऱ्हायलं. डोंगरात." त्यानं तो चुरमुरा पुन्हा उचलला. "हे आल्या आल्या सांगायचं हुतं. पर समद्यांनी सिंव्हाचंच इचारलं. खेचराचं कुनी इचारलंच न्हाई."

लालासाहेबांनी घसा साफ केला. कुठल्याही छापील गोष्टीत थोडी काव्यगत सूट असते, असं काहीतरी ते नानासोंना सांगू लागले. नानासो छताकडं बघत होते; त्यांनीच पहिल्या दिवशी तो सिंह मोकळा सोडला होता, पण पाटील माणसाला अशा गोष्टी आठवत नाहीत.

मनुबाईच्या डोळ्यांसमोर एक डोंगर होता. कधी न पाहिलेला. अंधार होता, चढ होता, आणि एक भ्यालेला माणूस एका जनावराच्या मानेला धरून वर चालला होता. वाटेतला प्रत्येक दगड त्या जनावराला सांगत, गिऱ्हाइकाला गाईची लाथ सांगावी तसा. तो तिला स्पष्ट दिसला. मफलर नव्हता, आयाळ नव्हती. कुठंही बघितला असता, तरी तिनं ओळखला असता.

नानासोंच्या आईंनी तिच्या कमरेत कोपर मारलं. "मने, आता तरी घे की बाई. न्हाईतर उंदिरराव, घूसराव उरल्यात अजून."

मनुबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. घसा धरला नव्हता, दाढ दुखत नव्हती. पोरांच्या ओळीतून वाट काढत ती सोप्याच्या मधोमध आली, उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सिंव्ह न्हाई मारला, वाघ न्हाई देखला,
सयाजीरावांचं नाव घेते, खेचरानं मानूस राखला."